मिश्र सिमेंटची रंध्ररचना आणि टिकाऊपणा : प्रचलित निकषांची चिकित्सा

सारांश

औष्णिक वीज केंद्रातील राख, झोतभट्टीतील मळी, सिलिका फ्यूम आणि भाजलेली चिकणमाती ही पूरक द्रव्ये सिमेंटमध्ये मिसळल्यास काँक्रीटमधील रंध्रे सूक्ष्म होतात व त्यामुळे काँक्रीट अधिक टिकाऊ बनते, असे विधान पाठ्यपुस्तकांतून आणि शोधनिबंधांतून सर्रास केले जाते. हे विधान चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. रंध्रे सूक्ष्म होण्याची प्रक्रिया पाणी आणि काळ यांवर अवलंबून असते. तिच्या मोजमापाच्या रूढ पद्धती जे मोजतात असे समजले जाते, ते नेमकेपणाने मोजत नाहीत. शिवाय क्लोराइड आणि कार्बोनीकरण या दोन संकटांपुढे मिश्र सिमेंटची वर्तणूक परस्परविरुद्ध असते. प्रस्तुत लेखात या तीन मुद्द्यांच्या आधारे प्रचलित निकषांची चिकित्सा केली असून, २८ दिवस हौदात ठेवलेल्या ठोकळ्यावरून इमारतीच्या आयुष्याचे अनुमान काढण्याची पद्धत का सदोष आहे, हे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : मिश्र सिमेंट, पूरक द्रव्ये, रंध्ररचना, क्युअरिंग, कार्बोनीकरण, क्लोराइड, टिकाऊपणा.

१. प्रस्तावना

चुन्यामध्ये दुसरे द्रव्य मिसळून त्याचा दर्जा वाढविण्याची कल्पना नवी नाही. रोमन लोकांनी नेपल्सजवळच्या पोझुओली येथील ज्वालामुखीची राख चुन्यात मिसळली. त्या गावाच्या नावावरूनच 'पोझोलाना' ही संज्ञा रूढ झाली. आपल्याकडे विटांची भुकटी, म्हणजे सुर्खी, चुन्याच्या दर्जात घालण्याची परंपरा दीर्घकाळ चालत आली. आजचे मिश्र सिमेंट हे या परंपरेचेच औद्योगिक रूप होय.

भारतात या बदलाला दोन कारणांनी वेग आला. पहिले कारण राखेचे. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण अधिक असल्याने कोराडी, चंद्रपूर, परळी, भुसावळ, एकलहरे अशा केंद्रांभोवती राखेचे प्रचंड साठे निर्माण झाले. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने १९९९ साली राखेच्या वापरासंबंधी अधिसूचना काढून केंद्रांच्या परिसरातील बांधकाम साहित्यात ती वापरणे बंधनकारक करण्यास सुरुवात केली. दुसरे कारण हवामानाचे. क्लिंकर भाजताना चुनखडीतून आणि इंधनातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जगातील एकूण उत्सर्जनात सिमेंट उद्योगाचा वाटा सुमारे ७ ते ८ टक्के मानला जातो. क्लिंकर कमी वापरणे हा त्यावरचा सर्वांत सुलभ उपाय आहे. भारतीय मानकानुसार राखयुक्त पोझोलाना सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के राख आणि स्लॅग सिमेंटमध्ये २५ ते ७० टक्के मळी असू शकते.

या दोन कारणांना पुढे तिसरे कारण जोडले गेले, ते टिकाऊपणाचे. मिश्र सिमेंट हा केवळ काटकसरीचा पर्याय नसून साध्या सिमेंटपेक्षा सरस पर्याय आहे, असा दावा होऊ लागला. प्रस्तुत चिकित्सेचा विषय हा दावा आहे. टिकाऊपणा ही प्रयोगशाळेतील कुतूहलाची बाब नव्हे. गोव्यातील मांडवी नदीवरील पूर्वताणित काँक्रीटचा नेहरू पूल १९८६ साली, बांधल्यापासून दोन दशकांच्या आत, कोसळला. खाऱ्या वातावरणात पोलादी तारांचे क्षरण हे त्यामागील प्रमुख कारण मानले गेले. काँक्रीटची दाब सहन करण्याची शक्ती पुरेशी असूनही त्यातील पोलाद सुरक्षित नसू शकते, हा त्याचा धडा होय. मिश्र सिमेंटवरील बहुसंख्य अभ्यासांत मात्र दाबसामर्थ्याचा तक्ता प्रथम येतो आणि टिकाऊपणा त्याच्या मागून अनुमानाने येतो.

२. रंध्ररचनेचे स्वरूप

सिमेंट आणि पाणी यांच्या संयोगातून मुख्यतः दोन पदार्थ निर्माण होतात. पहिला कॅल्शियम सिलिकेट हायड्रेट. हा बंध निर्माण करणारा पदार्थ असून घट्ट झालेल्या लगद्यातील घन भागाचा सुमारे ५० ते ६० टक्के भाग तो व्यापतो. दुसरा कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे मुक्त चुना. त्याचा वाटा सुमारे २० ते २५ टक्के असतो. सामर्थ्याच्या दृष्टीने हा चुना दुय्यम असला, तरी रंध्रांतील पाण्याची अल्कता टिकवून पोलादावरील संरक्षक थर शाबूत ठेवण्यात त्याचा मोठा वाटा असतो.

पाण्याने व्यापलेली जी जागा या पदार्थांनी भरून निघत नाही, ती केशिका रंध्रांच्या रूपाने शिल्लक राहते. पाण्याचे प्रमाण कमी असलेल्या आणि चांगल्या मुरलेल्या लगद्यात ही रंध्रे १० ते ५० नॅनोमीटर इतकी सूक्ष्म असतात. पाणी जास्त असलेल्या कोवळ्या लगद्यात ती ३ ते ५ मायक्रोमीटरपर्यंत मोठी असू शकतात. यांखेरीज हायड्रेटच्या आतील जेल रंध्रे असतात. परंतु ती इतकी लहान असतात की बाहेरील द्रव्यांच्या वहनात त्यांचा वाटा अल्प असतो.

टिकाऊपणाच्या दृष्टीने रंध्रांचे एकूण आकारमान महत्त्वाचे नाही. ती एकमेकांशी जोडलेली आहेत किंवा नाहीत, हे महत्त्वाचे आहे. घरातील खोल्या कितीही असल्या, तरी दारे बंद असतील तर वाटसरू आरपार जाऊ शकत नाही. पॉवर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली साध्या सिमेंटच्या लगद्यात केशिका मार्ग खंडित होण्यास लागणारा काळ निश्चित केला. पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४० असताना ३ दिवस, ०.४५ असताना ७ दिवस, ०.५० असताना १४ दिवस, ०.६० असताना ६ महिने आणि ०.७० असताना १ वर्ष सतत ओलावा लागतो. त्याहून अधिक पाणी असल्यास मार्ग पूर्णपणे कधीच खंडित होत नाहीत. ही आकडेवारी अनेक पाठ्यपुस्तकांत उद्धृत होते. परंतु मिश्र सिमेंटच्या संदर्भात तिचा अर्थ क्वचितच लावला जातो.

३. पूरक द्रव्यांचे कार्य आणि त्याची पूर्वअट

पूरक द्रव्यांचे कार्य दोन प्रकारांनी घडते. सूक्ष्म कण सिमेंटच्या कणांमधील पोकळ्या भरतात आणि हायड्रेटला रुजण्यासाठी अधिक पृष्ठभाग उपलब्ध करून देतात. हा भौतिक परिणाम होय. रासायनिक परिणामात राखेतील किंवा सिलिका फ्यूममधील अस्फटिक सिलिका मुक्त चुन्याशी संयोग पावून नवा हायड्रेट तयार करते. हा नवा हायड्रेट पूर्वीच्या केशिका मार्गांत साचतो, मार्ग अरुंद होतात आणि काही कायमचे बंद होतात. खडी आणि लगदा यांच्या सीमेवरील काही दशक मायक्रोमीटर जाडीचा दुर्बळ थरही अधिक घट्ट होतो. मळीचा प्रकार थोडा वेगळा आहे. ती स्वतःच जलसंयोगक्षम असते. अल्कली वातावरणात तिला चालना मिळते.

येथे कालक्रमाचा मुद्दा निर्णायक ठरतो. सिलिका फ्यूमचे कण अत्यंत सूक्ष्म असल्याने त्याची क्रिया पहिल्या काही दिवसांत सुरू होते. कमी कॅल्शियम असलेल्या राखेची काच मात्र रंध्रजलाची अल्कता पुरेशी वाढल्यावरच विरघळू लागते. भारतीय औष्णिक केंद्रांतील राख बहुतांशी याच प्रकारची असते. पहिल्या आठवड्यात तिची रासायनिक क्रिया जवळजवळ नगण्य असते. ती पुढील आठवड्यांत आणि महिन्यांत वाढत जाते. त्यामुळे आरंभी राख ही बंधक द्रव्य नसून केवळ बारीक भर असते.

एक साधा हिशेब उपयुक्त ठरेल. पाणी आणि एकूण बंधक द्रव्य यांचे गुणोत्तर ०.४५ असून बंधकात ३० टक्के राख असेल, तर पाणी आणि क्लिंकरयुक्त सिमेंट यांचे गुणोत्तर ०.६४ होते. ०.४५ ला साध्या सिमेंटचे मार्ग ७ दिवसांत खंडित होतात, ०.६४ ला सहा महिन्यांहून अधिक काळ लागतो. ही तुलना ढोबळ आहे, हे मान्य केले पाहिजे. राखेचे कण जागा व्यापतात आणि सिमेंटच्या क्रियेला पृष्ठभाग पुरवितात. म्हणून प्रत्यक्ष स्थिती इतकी वाईट नसते. तरीही दिशा स्पष्ट आहे. राख सक्रिय होईपर्यंतच्या काळात मिश्र सिमेंटची रंध्रे साध्या सिमेंटपेक्षा सूक्ष्म नसून अधिक खुली असतात. 'पूरक द्रव्यांमुळे रंध्रे सूक्ष्म होतात' या वाक्यातील क्रियापद भविष्यकाळी आहे. 'पुरेसा काळ ओलावा राहिल्यास होतील' असे ते वाचावयास हवे.

४. मोजमापांची चिकित्सा

रंध्रे सूक्ष्म झाल्याचा पुरावा म्हणून दोन चाचण्यांचे निष्कर्ष वारंवार दिले जातात. त्या दोहोंच्या मर्यादा तपासणे आवश्यक आहे.

४.१ पाऱ्याच्या दाबाने रंध्रमापन

या पद्धतीत नमुना वाळवून त्यात वाढत्या दाबाने पारा घुसविला जातो आणि वॉशबर्न यांच्या १९२१ सालच्या समीकरणानुसार प्रत्येक दाबाला एक रंध्रव्यास नेमून दिला जातो. हे समीकरण रंध्रे सरळ नळीसारखी असून पृष्ठभागापासून थेट पोचण्याजोगी आहेत असे गृहीत धरते. वास्तवात मोठी पोकळी अनेकदा अरुंद मानेच्या पलीकडे असते. मानेतून जाण्याइतका दाब येईपर्यंत पारा बाहेरच थांबतो आणि मग संपूर्ण पोकळीचे आकारमान मानेच्या व्यासाच्या खात्यावर जमा होते. सिडनी डायमंड यांनी २००० साली याच कारणास्तव सिमेंटजन्य पदार्थांतील रंध्रव्यासांचे वितरण काढण्यासाठी ही पद्धत अयोग्य ठरविली.

मिश्र सिमेंटच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत आहे. फेल्डमन यांनी १९८४ साली मिश्र सिमेंटच्या नमुन्यांतून पारा काढून घेऊन तो पुन्हा घुसविला, तेव्हा दुसऱ्या वेळी रंध्रे अधिक मोठी आढळली. म्हणजेच पहिल्या वेळी पाऱ्याच्या दाबाने रंध्रांमधील नाजूक पडदे फुटले होते. मिश्र लगद्याचे खरे वैशिष्ट्य या पडद्यांत आहे, आणि चाचणी नेमके तेच मोडते. यामुळेच अनेक अभ्यासांत मिश्र लगद्याची एकूण सच्छिद्रता साध्या लगद्याइतकी किंवा त्याहून अधिक दिसते. तरीही त्यांची पार्यता कमी असते. या दोन निष्कर्षांत विरोध मानण्याचे कारण नाही. दारे किती अरुंद आहेत, याचे उत्तर पाऱ्याची चाचणी बऱ्यापैकी देऊ शकते; खोल्या किती मोठ्या आहेत, याचे नाही. एकाच पद्धतीने वाळविलेल्या नमुन्यांच्या प्रवेश-व्यासाची तुलना ग्राह्य आहे. व्यासवितरणाचे स्तंभालेख काढून त्यांवरून टिकाऊपणाचे भाकीत करणे ग्राह्य नाही.

४.२ विद्युत्भाराची शीघ्र चाचणी

दुसरी लोकप्रिय चाचणी क्लोराइडच्या शीघ्र प्रवेशाची. सुमारे ५० मिलिमीटर जाडीच्या चकतीवर ६० व्होल्टचा दाब ६ तास लावून आरपार गेलेला विद्युत्भार कूलंबमध्ये मोजला जातो. ४००० हून अधिक कूलंब म्हणजे प्रवेश अधिक, १००० ते २००० म्हणजे कमी, १०० ते १००० म्हणजे अत्यल्प, अशी वर्गवारी रूढ आहे. चाचणी झटपट होते आणि आकडा सुटसुटीत मिळतो. म्हणून पदव्युत्तर प्रकल्पांत तिला मोठी पसंती असते.

ही चाचणी क्लोराइड मोजत नाही. ती विद्युत्वहन मोजते. हे वहन दोन गोष्टींवर अवलंबून असते : रंध्रमार्ग आणि त्यांतील द्रवाची वाहकता. राख आणि विशेषतः सिलिका फ्यूम रंध्रजलातील अल्कली आणि हायड्रॉक्सिल आयनांचे प्रमाण घटवितात. मार्ग तितकेच खुले राहिले तरी केवळ द्रव बदलल्याने कूलंब कमी होऊ शकतात. काइजुन शी आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली हा आक्षेप सविस्तर मांडला. कूलंबचा आकडा ५००० वरून ८०० वर आला, म्हणजे रंध्रे सहापटींनी घट्ट झाली, असे म्हणता येत नाही. त्या घसरणीतील किती भाग रचनेचा आणि किती रसायनाचा, हे वेगळे काढल्याशिवाय तो आकडा पुरावा ठरत नाही. विरोधाभास असा, की ज्या हायड्रॉक्सिल आयनांच्या घटीमुळे चाचणीत गुण मिळतात, तेच आयन पोलादाचे रक्षण करीत असतात.

५. टिकाऊपणा एक नव्हे, अनेक

टिकाऊपणा ही संज्ञा एकवचनी वापरली जाते, हा या विषयावरील लेखनाचा दुसरा मोठा दोष होय. काँक्रीटवरील संकटे भिन्न आहेत आणि त्यांपुढे पूरक द्रव्यांची भूमिकाही भिन्न आहे.

क्लोराइडच्या बाबतीत मिश्र सिमेंटची बाजू भक्कम आहे. मार्ग अरुंद झाल्याने विसरण मंदावते. राख आणि मळी यांतील ॲल्युमिना क्लोराइडला फ्रीडेल क्षाराच्या रूपाने बांधून ठेवते. सिलिका फ्यूम मात्र क्लोराइड बांधण्याची क्षमता घटविते, असे पेज आणि वेनेस्लँड यांनी १९८३ सालीच दाखविले होते. तेव्हा 'पूरक द्रव्ये' हा गटही एकजिनसी नाही. याहून महत्त्वाची बाब म्हणजे मिश्र काँक्रीटची विसरणशीलता वर्षानुवर्षे कमी होत राहते. आयुर्मानाचे अनुमान करणाऱ्या लाइफ-३६५ या संगणकीय प्रतिमानात साध्या सिमेंटसाठी काळाचा घातांक ०.२० धरला जातो. ३५ टक्के राख असल्यास तो ०.४८ होतो. या गृहीतकानुसार १० वर्षांनी साध्या काँक्रीटची विसरणशीलता २८ दिवसांच्या मूल्याच्या सुमारे ३८ टक्के, तर राखयुक्त काँक्रीटची सुमारे १० टक्के उरते. म्हणजे २८ दिवसांची चाचणी येथे मिश्र सिमेंटवर अन्याय करते.

कार्बोनीकरणाच्या बाबतीत चित्र उलटे होते. हवेतील कार्बन डायऑक्साइड रंध्रांतील ओलाव्यात विरघळून मुक्त चुन्याशी संयोग पावतो. चुना संपला की अल्कता घटते आणि पोलादावरील संरक्षक थर नाहीसा होतो. मिश्र सिमेंटमध्ये क्लिंकर कमी असल्याने चुना मुळातच कमी बनतो आणि त्यातील काही भाग पोझोलानिक क्रियेत खर्च होतो. रंध्रे सूक्ष्म करणारी क्रिया आणि अल्कतेचा साठा घटविणारी क्रिया एकच आहे. ही किंमत चुकविल्याशिवाय तो लाभ मिळत नाही. शिवाय साध्या सिमेंटमध्ये चुन्याचे कार्बोनीकरण झाल्यास रंध्रे काहीशी भरून येतात. मळीचे प्रमाण अधिक असलेल्या लगद्यात मात्र कमी कॅल्शियमचा हायड्रेट विघटित होऊन रंध्रे उलट मोठी होतात.

कार्बोनीकरणाची खोली सामान्यतः काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. उदाहरणादाखल एखाद्या काँक्रीटमध्ये १० वर्षांत १० मिलिमीटर खोली गाठली गेली, असे मानू. मग सळईवरील २५ मिलिमीटरचे आच्छादन, म्हणजे बांधकामावरील भाषेत कव्हर, ओलांडण्यास सुमारे ६२ वर्षे लागतील. हाच वेग दीडपट झाला, तर तो काळ सुमारे २८ वर्षांवर येतो. वेगातील लहानसा फरक आयुष्यातील मोठा फरक ठरतो.

अर्थात कार्बोनीकरण झाले म्हणजे लगेच गंज चढतो असे नाही. कोरड्या खोलीच्या आतील भिंतीत ओलाव्याअभावी क्षरण मंद राहते. धोका आहे तो छज्जा, बाल्कनी, गच्चीची कड, स्वच्छतागृहाखालील स्लॅब अशा ठिकाणी, जिथे भिजणे आणि वाळणे आळीपाळीने चालते. पावसाळ्याचे चार महिने आणि त्यानंतरचा दीर्घ कोरडा काळ असे हवामान असलेल्या महाराष्ट्रात अशी ठिकाणे जवळजवळ प्रत्येक इमारतीत असतात.

६. हौदातील ठोकळा आणि इमारतीतील खांब

वरील दोन्ही प्रकारच्या निष्कर्षांचा पाया एकच आहे : प्रयोगशाळेतील हौदात २७ अंश सेल्सिअसच्या आसपास २८ दिवस, काही वेळा ९० दिवस, बुडवून ठेवलेला नमुना. पोझोलानिक क्रियेला हवी असलेली पाणी आणि वेळ ही दोन्ही साधने त्याला मुबलक मिळतात. इमारतीतील खांबाला ती मिळत नाहीत.

आय.एस. ४५६ या संहितेच्या २००० सालच्या आवृत्तीत साध्या सिमेंटसाठी किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटसाठी किमान १० दिवस सतत ओलावा ठेवण्याची अट आहे. मिश्र सिमेंटसाठी हा काळ १४ दिवसांपर्यंत वाढविण्याची शिफारसही आहे. संहिताकारांनी फरक ओळखला होता, याचे श्रेय त्यांना द्यावयास हवे. परंतु प्रत्यक्षात काय घडते? स्लॅबवर आळी करून पाणी साठविता येते, म्हणून तेथे निदान वरचा पृष्ठभाग भिजतो. खांबाच्या पेट्या दुसऱ्या दिवशी काढल्या जातात. त्यावर गोणपाट गुंडाळले तर गुंडाळले, नाहीतर सकाळ-संध्याकाळ पाइपने पाणी मारले जाते. तुळईची खालची बाजू आणि छज्जाचा तळ यांना सेंट्रिंग निघाल्यावर पाणी मिळतच नाही. मराठवाड्यात किंवा विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा पिण्याच्या पाण्यासाठीही टँकरची वाट पाहावी लागते, तेव्हा चौदा दिवसांचे क्युअरिंग ही कागदावरची अट राहते.

रंध्रांतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ८० टक्क्यांखाली गेली की जलसंयोगाची क्रिया जवळजवळ थांबते, हे पॉवर्स यांनी १९४७ सालीच दाखवून दिले. ही घट खांबाच्या गाभ्यात उशिरा आणि पृष्ठभागावर लवकर होते. पोलादाचे रक्षण करणारे २० ते ५० मिलिमीटरचे आच्छादन हाच भाग सर्वांत आधी वाळतो. गाभ्यात राख सावकाश आपले काम करीत राहते आणि दाबसामर्थ्य वाढत जाते. आच्छादनात मात्र ती निष्क्रिय भर म्हणून उरते. तिथे क्लिंकर कमी, चुना कमी आणि रंध्रे खुली, अशी तिहेरी हानी संभवते.

यातून २८ दिवसांच्या निकषाचे खरे स्वरूप उघड होते. क्लोराइडच्या संदर्भात तो मिश्र सिमेंटला कमी लेखतो, कारण पुढील सुधारणा त्याला दिसत नाही. कार्बोनीकरणाच्या संदर्भात तो त्याला अधिक लेखतो, कारण आच्छादनाची उपासमार त्याला दिसत नाही. एकच मोजपट्टी दोन दिशांनी चुकत असेल, तर तिच्यात दुरुस्ती करून भागत नाही. ती बदलावी लागते.

७. अनुकूल पुराव्यांचे वाचन

मिश्र सिमेंटच्या बाजूने दिल्या जाणाऱ्या यशस्वी उदाहरणांचे वाचनही सावधपणे व्हावयास हवे. अमेरिकेतील हंग्री हॉर्स धरणात १९५० च्या सुमारास राखेचा वापर झाला. आपल्याकडे घाटघर प्रकल्पातील रोलरने दाबलेल्या काँक्रीटच्या धरणांत राखेचे प्रमाण मोठे होते. ही उदाहरणे खरी आहेत. परंतु धरणात काँक्रीटचे आकारमान प्रचंड असते, ओलावा दीर्घकाळ टिकतो, सामर्थ्याची घाई नसते आणि पोलादाचा प्रश्न बहुतांशी उद्भवत नाही. उष्णता कमी निर्माण होणे हा तेथे मुख्य लाभ असतो. त्या अनुभवावरून चार मजली इमारतीच्या छज्जाबद्दल अनुमान काढणे हे तर्काला धरून होणार नाही.

कॅनडात मल्होत्रा यांनी १९८० च्या दशकात विकसित केलेल्या अधिक राखयुक्त काँक्रीटचेही तसेच आहे. त्यात ५० टक्क्यांहून अधिक राख असूनही उत्तम परिणाम मिळाले. पण पाण्याचे गुणोत्तर ०.३० च्या आसपास होते आणि त्यासाठी प्रभावी सुघट्यकारक वापरले होते. रंध्रे घट्ट होण्याचे श्रेय तेथे राखेइतकेच कमी पाण्याला आहे. 'राख ५० टक्के' हा अर्धा भाग उद्धृत करून 'पाणी ०.३०' हा उरलेला भाग वगळणे, हा उद्धरणाचा गैरवापर होय.

तुलनेचा आधार कोणता, हा प्रश्नही येथे उपस्थित होतो. पाणी-बंधक गुणोत्तर समान ठेवून तुलना केल्यास राखयुक्त काँक्रीटचे कार्बोनीकरण स्पष्टपणे अधिक दिसते. २८ दिवसांचे दाबसामर्थ्य समान ठेवून तुलना केल्यास हा फरक बराच कमी होतो, कारण ते सामर्थ्य गाठण्यासाठी पाणी आधीच कमी केलेले असते. दोन्ही तुलना प्रामाणिक आहेत; मात्र कोणती केली हे न सांगता निष्कर्ष मांडणे प्रामाणिक नाही. याच न्यायाने, कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण अनेक पटींनी वाढवून केलेल्या शीघ्र चाचण्या मिश्र सिमेंटला प्रतिकूल ठरू शकतात, कारण त्या तीव्रतेत हायड्रेटचे विघटन नैसर्गिक स्थितीपेक्षा वेगळ्या रीतीने होते. चिकित्सा दोन्ही बाजूंची झाली पाहिजे.

अलीकडील काळातील भाजलेली चिकणमाती आणि चुनखडी यांचे सिमेंट हा या चर्चेतील नवा टप्पा आहे. सुमारे ५० टक्के क्लिंकर, ३० टक्के भाजलेली चिकणमाती, १५ टक्के चुनखडी आणि ५ टक्के जिप्सम असे त्याचे प्रचलित सूत्र असून, २०२३ साली त्यासाठी आय.एस. १८१८९ हे भारतीय मानक आले. या सिमेंटमध्ये रंध्रे पहिल्या आठवड्यातच सूक्ष्म होतात, हा राखेच्या तुलनेत मोठा फायदा आहे. क्युअरिंगवरील अवलंबन त्यामुळे काहीसे कमी होऊ शकते. क्लोराइडला त्याचा प्रतिकारही उत्तम आहे. परंतु चुन्याचा साठा येथे आणखी कमी असल्याने कार्बोनीकरणाचा प्रश्न अधिक तीव्र होतो. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यातील इमारतीसाठी आणि कोकणच्या खाडीतील खांबासाठी एकच सिमेंट तितकेच योग्य ठरेल, ही अपेक्षा येथेही टिकत नाही.

८. अध्यापन आणि संशोधन यांविषयी अपेक्षा

राज्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत मिश्र सिमेंट हा प्रकल्पांचा आवडता विषय आहे. साहित्य स्वस्त, चाचण्या परिचित आणि निष्कर्ष बहुधा अनुकूल. राखेचे प्रमाण १०, २०, ३० टक्के असे बदलत जायचे, ७ व २८ दिवसांचे सामर्थ्य काढायचे आणि 'इष्टतम प्रमाण' घोषित करायचे, असा साचा तयार झाला आहे. या साच्यात राखेचे प्रमाण हा एकमेव चल असतो. क्युअरिंग स्थिर धरलेले असते. वास्तवात बांधकामावर राखेचे प्रमाण सिमेंटच्या गोणीने ठरवून दिलेले असते आणि क्युअरिंग हाच खरा चल असतो. म्हणजे प्रयोगाची मांडणी वास्तवाच्या नेमकी उलट आहे.

या दृष्टीने किमान चार अपेक्षा मांडता येतात. पहिली, प्रत्येक मिश्रणाचे नमुने ३, ७, १४ व २८ दिवस अशा वेगवेगळ्या क्युअरिंगनंतर स्थानिक हवेत ठेवून तपासावेत. दुसरी, चाचणी ठोकळ्याच्या गाभ्याऐवजी पृष्ठभागाजवळच्या थरावर करावी. पाणी शोषण्याच्या वेगाची साधी चाचणी त्यासाठी पुरेशी असून तिला महागडी उपकरणे लागत नाहीत. तिसरी, कूलंबसोबत रंध्रजलाच्या वाहकतेचा अंदाज आणि पाऱ्याच्या आकड्यासोबत नमुना वाळविण्याची पद्धत नोंदवावी. चौथी, निष्कर्षात 'टिकाऊ' हा शब्द एकटा वापरू नये; कोणत्या संकटापुढे आणि कोणत्या क्युअरिंगनंतर, हे त्यासोबत सांगावे. फेनॉल्फ्थॅलिनचा फवारा मारून कार्बोनीकरणाची खोली मोजणे ही इतकी साधी चाचणी आहे की जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या वेळी ती विद्यार्थ्यांकडून सहज करवून घेता येईल. अशा नोंदी दहा महाविद्यालयांनी दहा वर्षे ठेवल्या, तर प्रयोगशाळेतील कोणत्याही तक्त्यापेक्षा त्यांचे मोल अधिक ठरेल.

९. निष्कर्ष

पूरक द्रव्यांमुळे सिमेंटची रंध्ररचना सुधारते, हे सत्य आहे. परंतु ही सुधारणा गोणीत भरून येत नाही. ती बांधकामावर, पाण्याच्या साहाय्याने, काही आठवड्यांत घडवावी लागते. तिच्या मोजमापासाठी वापरल्या जाणाऱ्या पाऱ्याच्या आणि विद्युत्भाराच्या चाचण्या रचना व रसायन यांची सरमिसळ करतात. सुधारणा झाली तरी ती क्लोराइडपुढे मोठा लाभ देते आणि कार्बोनीकरणापुढे काही किंमत वसूल करते. २८ दिवस हौदात ठेवलेल्या ठोकळ्याचे सामर्थ्य या तिन्ही बाबींविषयी मौन पाळते.

यावरून मिश्र सिमेंटला विरोध करावा, असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. राखेचा प्रश्न आणि उत्सर्जनाचा प्रश्न पाहता क्लिंकर कमी करण्यावाचून गत्यंतर नाही. नेमके म्हणूनच त्याच्या अटी स्पष्ट सांगणे अगत्याचे आहे. साधे सिमेंट निष्काळजीपणा काही प्रमाणात सोसते; मिश्र सिमेंट तो कमी सोसते. जे साहित्य सर्वांच्या घरात पोचले आहे, त्याच्याविषयी केवळ गुणांचा तक्ता देणे आणि अटी तळटीपेत टाकणे, हे शास्त्रालाही शोभत नाही आणि ज्याने आयुष्यभराची पुंजी घालून घर बांधले त्याच्याही हिताचे नाही.